साष्टीभोवतालचा पाणरस्ता

आज अष्टमी असेल तर मुंबईच्या किनाऱ्यावर भरती किती वाजता? जुन्या तांडेलाला हे सांगायला छापील कोष्टक लागत नाही आणि मोबाईलही लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पाणी पुरतं चढलेलं. एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच, आणि सकाळची जी वेळ निघते तीच थोड्या फरकाने संध्याकाळची. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, हा हिशेब ४५ धरतो. पण खाडीत होडी घालायची की नाही हे ठरवायला तेवढं पुरतं.

कांदिवलीच्या इतिहासात या पाऊणकीला मोठी जागा आहे. आज कांदिवली म्हटलं की लोकलची गर्दी, महावीर नगर, ठाकूर संकुल आणि द्रुतगती महामार्ग डोळ्यांपुढे येतो. समुद्र येत नाही. पण चारकोपच्या सेक्टरांमधून पश्चिमेला चालत राहिलं की वस्ती संपते तिथे तिवरांचं रान लागतं. त्यापलीकडे खाडी, खाडीपलीकडे मनोरी, कुळवे आणि गोराई, आणि त्यांच्याही पलीकडे अरबी समुद्र. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावणारी पोयसर नदी कांदिवलीतून वाहत जाऊन याच खाडीला मिळते. आज ती नाल्यासारखी दिसते, हे दुःखच आहे. तरीही डोंगर ते समुद्र ही वाट तिने सोडलेली नाही.

ग्रीस, क्रोएशिया किंवा माल्टाच्या किनाऱ्यावर हल्ली कायाकच्या सहली निघतात. एखाद्या बंदराच्या शहरात उतरायचं, वाटाड्याबरोबर अरुंद होड्या वल्हवत बेटामागून बेट गाठायचं, वाटेत किल्ले पाहायचे आणि मासळी खायची. अशी सहल करून आलेली मराठी मंडळी तिथल्या पाण्याबद्दल भरभरून बोलतात. त्यांनी घरी आल्यावर साष्टीचा नकाशा एकदा उघडून पाहावा. वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि पूर्वेला मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरलेली ही सगळी भूमी मुळात एक बेट आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, आणि दक्षिणेला माहीमची, जिच्यामुळे मुंबई वेगळी पडली होती. साष्टीच्या पश्चिम कडेला मढ होतं, आणि मनोरी-गोराई-उत्तनचं धारावी बेट होतं. बंदर कधी सोपारा होतं, कधी वसई, नंतर मुंबई. शतकं बदलत गेली तरी माणसं आणि माल ने-आण करणारा रस्ता बहुतांशी पाण्याचाच राहिला.

या रस्त्याच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक भूमध्य समुद्राकडच्या माणसानेच लिहून ठेवलं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाणारी जलमार्गाची वही लिहिली. तिच्यात कोकण किनाऱ्यावरच्या सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावं आहेत. कल्याणला चुकून लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असंही तो नोंदवतो. पण त्यातला सर्वांत मोलाचा उतारा भडोचबद्दलचा आहे. तिथलं पाणी इतकं अवघड की राजाच्या चाकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत. भरती लागली की दोर बांधून जहाज ओढायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी नांगर टाकून थांबायचं. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वाटाड्या हा पगारी पेशा होता, आणि तो मच्छीमारांकडे होता, एवढं या उताऱ्यावरून पक्कं समजतं.

सोपाऱ्याचा मोठेपणा मातीतूनही बाहेर आला. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला बुरुड राजाचा कोट उकरला तेव्हा आत स्तूप निघाला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. मुंबई बंदरातल्या घारापुरीवर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या सुरयांची खापरं सापडली आहेत. बंदरांतला हा पैसा कान्हेरीच्या डोंगरात मुरला. लेण्यांतल्या लेखांत सोपाऱ्याच्या आणि कल्याणच्या दात्यांची नावं आहेत. तिथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वराचं एक शिल्प आहे. भोवती भक्तांवर आलेली संकटं कोरली आहेत, आणि त्यांतलं एक आहे फुटणारं गलबत. कांदिवलीच्या पूर्वेला, जंगलाच्या मधोमध, समुद्रात बुडणाऱ्यांची ही प्रार्थना दगडात उभी आहे. ती पाहताना या डोंगराचं आणि खाडीचं नातं किती घट्ट होतं हे जाणवतं.

पुढे १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत वसई हे खऱ्या अर्थाने बंदराचं शहर झालं. १६९५ मध्ये तिथे एक इटालियन प्रवासी आला. त्याचं नाव जोव्हानी फ्रान्चेस्को जमेली करेरी. नेपल्स या बंदराच्या शहरातला हा वकील १६९३ मध्ये जगाच्या फेरीला निघाला होता. त्याच्याकडे स्वतःचं जहाज नव्हतं की राजाचा खजिना नव्हता. जे वाहन मिळेल त्यात जागा भाड्याने घेऊन तो पृथ्वी फिरला, आणि परतल्यावर त्याने अनेक खंडांचं प्रवासवर्णन छापलं. वसईहून तो खाडी ओलांडून साष्टीत उतरला आणि कान्हेरीपर्यंत गेला. भूमध्य समुद्राकडचा प्रवासी, सोबत स्थानिक माणसं, होडीने खाडी आणि पुढे जमिनीवरून लेणी: सहलीचा हा बेत आजही कुणाला जसाच्या तसा आखता येईल.

मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई. वसईच्या वेढ्यात आधी धारावी बेट हाती येणं निर्णायक ठरलं, कारण वसईच्या खाडीचं तोंड तिथून दिसतं आणि तोफेच्या टप्प्यात येतं. लढाईच्या इतिहासात तटबंदी आणि सुरुंग यांची वर्णनं भरपूर येतात. त्याच मोहिमांत रात्रीच्या भरतीला माणसं पार करणाऱ्या होडीवाल्यांचा उल्लेख मात्र ओझरता असतो. त्यांच्याशिवाय बेटावरची कुठलीच लढाई लढता आली नसती.

पाणरस्त्याची सद्दी संपली ती एकोणिसाव्या शतकात. माहीमच्या तरीवर होड्या उलटून माणसं दगावत. लेडी जमशेटजींनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. पश्चिमेकडूनही मुंबई साष्टीला जोडली गेली. १८६४ मध्ये बडोद्याकडची रेल्वे वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत आली, आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली लोकल धावली. कांदिवलीचं स्टेशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. रुळांमुळे गावाचं तोंडच फिरलं. पश्चिमेच्या खाडीकडे पाहणारी वस्ती आता दक्षिणेच्या शहराकडे पाहू लागली.

आणि त्या शहराला कांदिवलीने आपला डोंगर दिला. १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरावासाठी कांदिवलीच्या खाणीतला दगड आणि मुरूम रेल्वेच्या वाघिणींतून दक्षिण मुंबईत जात होता. या खणाखणीच्या प्रदेशातच नौदलातले अधिकारी के. आर. यू. टॉड यांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली, आणि १९३९ मध्ये त्यांनी त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुंबईच्या परिसरातल्या आदिमानवाचा विषय निघाला की पुरातत्त्वाचे अभ्यासक अजून कांदिवलीचं नाव घेतात. कांदिवलीच्या किती रहिवाशांना हे माहीत आहे?

खाडीकडची बाजू त्यानंतरही बराच काळ तशीच राहिली: चारकोपचं गावठाण, खाजण, तिवरं. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. चारकोप, गोराई, मालवणी अशा ठिकाणी भूखंड आखून, पाणी आणि रस्ते देऊन कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घरं बांधायला जागा दिली गेली. हजारो मराठी कुटुंबांना मुंबईत टिकता आलं ते या सेक्टरांमुळे, हे विसरून चालणार नाही. पण त्या आखणीत कुठलाच रस्ता खाडीवरच्या धक्क्यापर्यंत गेला नाही. पाणी घरापासून हाकेच्या अंतरावर आणि तरी नजरेआड, अशी एक पिढी इथे वाढली. तिवरांचं नशीब थोडं बरं: २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या तोडीला बंदी घातली आणि २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला.

तरीची वाट पुरती बुजली मात्र नाही. मार्वे आणि मनोरी यांच्यामधली बोट आजही चालते. मनोरीहून जमिनीवरून मालाडला यायचं तर उत्तन आणि भाईंदरचा लांबचा वळसा. पाण्यातून काही मिनिटांचं काम. दुचाकी, भाजीच्या पाट्या, शाळेची मुलं आणि मासळी घेतलेल्या बायका एकाच बोटीत चढतात. गोराईच्या तरीने एस्सेलवर्ल्डला गेलेल्या मुलांना तर खेळांइतकीच ती बोट आठवते. एस्सेलवर्ल्ड बंद झालं, २००९ मध्ये खुला झालेला विपश्यना पॅगोडा पाहायला लोक अजून त्याच पाण्यावरून जातात.

एकट्या माणसाने वल्हवलेली कायाकही या किनाऱ्याला अगदी नवी नाही. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ मध्ये बेकारीला कंटाळून घडीची कायाक घेऊन उल्म गावाहून डॅन्यूब नदीत उतरला. ग्रीसचा किनारा, तुर्कस्तान, सायप्रस अशी भूमध्य समुद्रातली वाट काढून तो युफ्रेटिस नदीने इराणच्या आखातात आला, आणि तिथून भारताच्या पश्चिम किनाऱ्याने खाली उतरत १९३५ मध्ये सिलोनला पोहोचला. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत शिरला तेव्हा महायुद्ध सुरू झालं होतं, आणि त्याची रवानगी थेट शत्रू नागरिकांच्या छावणीत झाली. दक्षिणेकडे निघालेल्या त्या माणसाच्या डाव्या हाताला साष्टीचा किनारा होता.

वाटाड्यासह वल्हवण्याची रीत महाराष्ट्रात आज उत्तम चालते ती वेंगुर्ल्याला. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. मासेमारीच्या घरांतल्या या बाया स्वतः होडी वल्हवतात, तिवरांच्या जाती ओळखायला शिकवतात, पक्षी दाखवतात. इंजिन नाही, धूर नाही. पाहुण्यांचे पैसे सरळ त्यांच्या घरात जातात.

चारकोप-मनोरीच्या खाडीत असं काही सुरू व्हावं, आणि ते लवकर व्हावं. वर्सोव्याहून भाईंदरकडे जाणाऱ्या किनारी रस्त्याची आखणी याच पट्ट्यातून आहे, त्याचे खांब उभे राहिल्यावर पाण्याचं वळण तेच राहील याची खात्री कुणी देत नाही. सफर सुरू झाली तर वाटाडे मनोरी, मार्वे आणि गोराईच्या कोळीवाड्यांतलेच हवेत. जाळ्यांचे खुंट कुठे रोवले आहेत, गाळाचा उंचवटा कोणत्या बाजूला वाढला, पोयसरचं पाणी मिसळतं तिथे ओढ कशी असते, हे त्यांना रोजच्या कामातून माहीत असतं. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी काही मीटर चढतं आणि उतरतं. नवख्याने त्या ओढीला जाऊ नये. नारळी पौर्णिमा उलटून पावसाचा जोर ओसरला की एकादशी-द्वादशीचा दिवस धरावा, तेव्हा भरती सव्वाआठ-नऊला पुरी होते. सकाळी सातला चढत्या पाण्याबरोबर तिवरांत शिरावं, पाणी थबकेल तेवढा वेळ आत फिरावं, आणि ओहोटी लागताच तिच्याच ओढीने धक्क्याकडे निघावं. उशीर केला तर होडी गाळात बसते आणि संध्याकाळची भरती येईपर्यंत हलत नाही.