मणक्यांतील मज्जामेद

मणक्यांतील मज्जामेद : पाठीच्या मणक्यांतील अस्थिमज्जेत असणारी चरबी. मणक्याचा पुढचा दंडगोलाकार भाग बाहेरून पातळ, घट्ट हाडाचा व आतून जाळीदार असतो. या जाळीच्या पोकळ्यांत रक्तपेशी निर्माण करणारी तांबडी मज्जा आणि मेदपेशींनी भरलेली पिवळी मज्जा असते. प्रौढांच्या तांबड्या मज्जेत सुमारे ४०%, तर पिवळ्या मज्जेत सुमारे ८०% मेद असतो.

जन्मतः जवळजवळ सर्व मज्जा तांबडी असते. पुढे हातापायांच्या टोकांकडून धडाकडे ती पिवळी होत जाते. मणक्यांत तांबडी मज्जा आयुष्यभर टिकते. मात्र तिच्यातील मेद वयानुसार वाढतो. तरुण वयात तो पुरुषांत अधिक आढळतो, रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत वेगाने वाढतो. मानेच्या मणक्यांपेक्षा कमरेच्या मणक्यांत तो जास्त असतो.

वाटणी : मेद सर्वत्र सारखा पसरत नाही. रिची व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एमआरआयवरून त्याचे नमुने वर्णिले. तरुणांत तो मणक्याच्या मध्यातील शिरेभोवती रेघेसारखा दिसतो. उतारवयात दोन मणक्यांमधील चकतीलगतच्या कडांशी पट्ट्यासारखा, कोपऱ्यांत त्रिकोणी किंवा सर्वत्र विखुरलेल्या ठिपक्यांसारखा आढळतो.

यांत्रिक ताणाशी संबंध : मज्जेतील एकाच मूळपेशीपासून हाड घडवणारी पेशी किंवा मेदपेशी तयार होऊ शकते. हाडावर नियमित भार पडला, तर कल हाडाकडे झुकतो. भार हटला, तर मेदाकडे. ६० दिवस अंथरुणाला खिळवून ठेवलेल्या निरोगी स्त्रियांच्या कटिमणक्यांत मेद वाढल्याचे आणि हिंडूफिरू लागल्यावर वर्षभरानेही ती वाढ टिकून असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

स्थानिक पातळीवर चित्र वेगळे असते. चकती झिजली की भार समान वाटला जात नाही. तो मणक्याच्या कडांवर एकवटतो. तेथे सूक्ष्म इजा होऊन आधी सूज येते व कालांतराने तांबड्या मज्जेची जागा मेद घेतो. मायकेल मोडिक यांनी १९८८ मध्ये या बदलांचे तीन प्रकार मांडले : पहिला सुजेचा, दुसरा मेदाचा, तिसरा हाड टणक होण्याचा. भार सर्वाधिक पेलणाऱ्या कमरेच्या शेवटच्या दोन चकत्यांलगत ते विशेष आढळतात. म्हणजे भाराचा अभाव मेद सर्वत्र वाढवतो, तर विषम भार तो ठरावीक जागी साठवतो.

निदानातील महत्त्व : एमआरआयच्या टी-१ प्रतिमेत मेद उजळ दिसतो. कोपऱ्यांतील मेद संधिवाताच्या काही प्रकारांतही आढळतो, त्यामुळे केवळ जागेवरून कारण ठरत नाही. उतारवयातील उजळ ठिपके बहुधा निरुपद्रवी असतात. याउलट, त्याच प्रतिमेत चकतीपेक्षाही काळा दिसणारा मज्जेचा भाग अर्बुदाची शंका निर्माण करतो व त्याची पुढील तपासणी आवश्यक ठरते.