प्रार्थनामंदिरांतून रंगमंचावर : सिस्टर रोझेटा थार्प

‘रॉक’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या अमेरिकन संगीताचा इतिहास सांगतांना बहुतेक लेखक १९५० नंतरच्या दशकापासून आरंभ करितात आणि चक बेरी, एल्व्हिस प्रेस्ली आदि पुरुषांचीं नांवें घेतात. परंतु १९३८ सालीं, बेरी १२ वर्षांचा व प्रेस्ली अवघा ३ वर्षांचा असतां, एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या गिटारींतून या संगीताचा सूर निघूं लागला होता. ती स्त्री म्हणजे सिस्टर रोझेटा थार्प.

रोझेटाचा जन्म १९१५ सालीं आर्कान्सा संस्थानांतील कॉटन प्लँट या गांवीं झाला. तिची आई केटी बेल ही धर्मोपदेशिका असून मँडोलिन वाजवीत असे. ज्या पंथांत ती होती, त्यांत टाळ्या, वाद्यें व नृत्य यांच्या साहाय्यानें ईश्वरस्तवन करण्याची चाल होती. मुलीच्या हातीं लहानपणींच गिटार आली, ती अशा उपासनेंत.

१९३८ च्या ऑक्टोबरांत ‘डेक्का’ कंपनीनें तिच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्याच वर्षीं ती न्यूयॉर्कच्या ‘कॉटन क्लब’मध्यें गाऊं लागली व डिसेंबरांत कार्नेगी हॉलमधील जलशांतहि झळकली. ईश्वराचें स्तवन मद्याच्या पेल्यांशेजारीं व्हावें, हें तिच्या पंथांतील अनेकांस रुचलें नाहीं. रोझेटानें मात्र दोन्ही बाजू सोडल्या नाहींत. १९४४ सालीं मुद्रित झालेलें तिचें एक भक्तिगीत पुढील वर्षीं कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांच्या क्रमवारींत दुसऱ्या स्थानापर्यंत चढलें. त्यांतील गिटारीची धांव ऐकली म्हणजे पुढील दशकाची चाहूल लागते.

१९४७ सालीं जॉर्जियांतील मेकन शहरीं एका मुलाचा आवाज ऐकून तिनें त्याला आपल्या कार्यक्रमांत गावयास लाविलें. तोच मुलगा पुढें ‘लिटल रिचर्ड’ झाला. १९५१ सालीं वॉशिंग्टनच्या क्रीडांगणावर तिनें आपला विवाह तिकिटें लावून साजरा केला, तेव्हां २०,००० हून अधिक लोक जमले. इतक्या लोकप्रियतेनंतरहि दक्षिणेंतील दौऱ्यांत वर्णभेदामुळें हॉटेलांचीं दारें तिला बंद असत व मोटारींतच रात्र काढावी लागे.

पुढें स्वदेशांत तिचा बहर ओसरला, तेव्हां युरोपनें तिचें स्वागत केलें. १९६४ च्या मे महिन्यांत मँचेस्टर येथील एका बंद पडलेल्या रेल्वे-स्थानकावर, पावसानें भिजलेल्या फलाटावर उभें राहून, विजेची गिटार गळ्यांत अडकवून ती गायिली. श्रोते समोरच्या फलाटावर बसले होते. त्या प्रसंगाचें चित्रण आजहि पाहावयास मिळतें.

१९७३ च्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फिया येथें तिचें निधन झालें. तीस वर्षांहून अधिक काळ तिच्या थडग्यावर नांवाचा दगडहि नव्हता. २००८ सालीं चाहत्यांनीं जलसा करून त्यासाठीं द्रव्य जमविलें. ‘रॉक’ संगीताच्या कीर्तिमंदिरांत तिला स्थान मिळालें, तें २०१८ सालीं.

हें विस्मरण केवळ दैवाचें नव्हे. धर्मनिष्ठांस ती फार लौकिक वाटली, इतिहासकारांस फार धार्मिक. शिवाय ती स्त्री होती व कृष्णवर्णीय होती. कप्पे आधीं ठरवून माणसें त्यांत बसविणाऱ्या इतिहासाच्या हातून पाया घालणारेच निसटतात.