कोठून पाहायचे? पंढरीचे दर्शन आणि भूमिकेचे खेळ

कादंबरी शिकवताना निवेदक कोठे उभा आहे, हा प्रश्न आपण पहिल्या काही तासांतच विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. संगणकावरील 'रोल-प्लेइंग' खेळांबाबत मात्र तो आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. या खेळात खेळणारा एका पात्राची भूमिका अंगावर घेतो, त्याच्या वतीने निर्णय करतो आणि त्यांचे परिणामही भोगतो. पण त्या पात्राचे जग खेळणाऱ्याला दिसते ते कोठून? पात्राच्या डोळ्यांतून, त्याच्या पाठीमागून, की उंचावरून? या निवडीचा इतिहास बहुधा तंत्राच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आमच्या मते तो पाहण्याच्या रीतींचा इतिहास आहे, आणि मराठी वाचकाला तो पंढरपुराच्या आधाराने अधिक नीट उलगडेल.

पंढरपुरात 'दर्शन' हा शब्द एकटा पुरत नाही. विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवणे हे पदस्पर्शदर्शन. थोड्या अंतरावरून मूर्ती पाहणे हे मुखदर्शन. आषाढीच्या गर्दीत राउळापर्यंत पोहोचता आले नाही, तर नामदेव पायरीशी नमस्कार करून किंवा दुरून कळस पाहून वारकरी परत फिरतो आणि आपली वारी पुरी झाली असे मानतो. एके काळी येथे मूर्तीला आलिंगन देण्याचीही रीत होती. ती पुढे बंद झाली. तात्पर्य, एकाच रूपाकडे पाहण्याची अनेक अंतरे या परंपरेने मान्य केली आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव दिले आहे.

आता खेळांकडे वळू. १९८१ साली अमेरिकेत 'विझार्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन खेळ निघाले. 'विझार्ड्री'त भुयाराच्या भिंती सरळ रेषांनी काढलेल्या असत आणि त्या पात्राच्या डोळ्यांनीच दिसत. 'अल्टिमा'त उघड्यावरचा प्रवास वरून, नकाशासारखा दिसे. भुयारात उतरताच दृष्टी पात्राच्या डोळ्यांत शिरे. १९८६च्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या जपानी खेळात भटकंती वरून दिसे, लढाईत मात्र शत्रू खेळणाऱ्याच्या थेट समोर ठाके. म्हणजे आरंभीच्या या खेळांनी कोणत्याही एका अंतराशी लग्न लावले नव्हते. प्रवासासाठी एक अंतर आणि संकटासाठी दुसरे, अशी वाटणी त्यांनी सहज केली होती.

पुढे यंत्रांची शक्ती वाढली आणि एक समजूत बळावली: जितके जवळ, तितके खरे. १९९२च्या 'अल्टिमा अंडरवर्ल्ड'ने भुयारात पात्राच्या नजरेने मोकळेपणी फिरण्याची सोय केली. २००२च्या 'मॉरोविंड'ने पात्राच्या डोळ्यांतून पाहायचे की पाठीमागून, हे खेळणाऱ्यावरच सोपवले. या प्रवासाचे टोक २०२०च्या 'सायबरपंक २०७७'मध्ये दिसते. खेळणारा आरंभी आपल्या नायकाचा चेहरा, केस, डोळे निगुतीने घडवतो. नंतर जवळजवळ सारा खेळ त्याच डोळ्यांतून पाहावयाचा असल्यामुळे तो चेहरा त्याला आरशासारख्या मोजक्या ठिकाणीच काय तो भेटतो. खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वी याच निवडीवर बराच वाद झाला होता. एका बाजूला भूमिकेशी संपूर्ण एकरूपता. दुसऱ्या बाजूला ज्याची भूमिका घेतली, तोच दृष्टीआड.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला एक ओळखीची गोष्ट आठवावी. वारकरी संतांचे अभंग अतिशय आत्मपर आहेत. आर्तता, भांडण, शरणागती हे सारे तेथे 'मी'च्या मुखातून येते. तरी शेवटी नाममुद्रा येते: 'नामा म्हणे', 'तुका म्हणे'. क्षणापूर्वी 'मी' म्हणून बोलणारा कवी एक पाऊल मागे सरकतो आणि स्वतःला तृतीयपुरुषात पाहतो. या मागे सरण्याने उत्कटता उणावत नाही. उलट त्या 'मी'ला चेहरा मिळतो आणि तो श्रोत्यांनाही आपला वाटू लागतो. आत्मीयता आणि अंतर यांचे वैर नाही, हे मराठी कवितेने अनेक शतकांपूर्वी सिद्ध केले आहे.

२०१९चा 'डिस्को एलिझियम' हा खेळ याच सत्याकडे दुसऱ्या वाटेने पोहोचतो. त्यात कॅमेरा उंचावर आहे आणि नायक पडद्यावर वीतभरही दिसत नाही. तरीही त्याच्या मनातील भीती, तर्क, अहंकार यांना स्वतंत्र आवाज आहेत आणि ते त्याला 'तू' म्हणून बोलतात. चित्रे तैलरंगाच्या जाड फटकाऱ्यांची आहेत. डोळ्यांना दूर ठेवून मनाला जवळ नेणे येथे साधले आहे, आणि त्यात चित्रशैलीचा वाटा मोठा आहे.

शैलीचा प्रश्न दृष्टिकोनापासून वेगळा काढता येत नाही, तो यामुळेच. १९९८च्या 'बाल्डर्स गेट'सारख्या खेळांत जग तिरक्या उंचीवरून दिसे आणि समांतर रेषा दूर जाऊन एकमेकींना मिळत नसत. दूरचा माणूस लहान होत नसे. ही रीत आपल्याला परकी नाही. आपल्या लघुचित्रांतही अंगण, सज्जा आणि अंतर्गृह एकाच वेळी दिसतात. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली काढलेला 'राजी' हा खेळ काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग नव्हे, साहसखेळ आहे. पण या चर्चेत त्याला टाळता येणार नाही. त्यात पहाडी चित्रांची रंगरीत आहे, राजस्थानी वास्तूंची छाया आहे, आणि कथाभाग छायाबाहुल्यांच्या धर्तीवर सांगितला आहे. भावाच्या शोधात निघालेली मुलगी विशाल वास्तूंपुढे इवलीशी दिसते आणि कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाही. पुण्यात घडलेल्या या खेळाने प्रेरणा हिमालयातून आणली, याबद्दल तक्रार नाही. मात्र पिंगुळीची चित्रकथी आणि पैठणची चित्रे आपल्या घरात असताना त्यांच्या नजरेतून एखादे जग उभे राहावे, ही अपेक्षा आम्ही नोंदवून ठेवतो.

कॅमेरा कोणाच्या हाती, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. पंढरपुराने त्याची किंमत मोजली आहे. मंगळवेढ्याच्या चोखोबांना राउळात प्रवेश नव्हता; त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. कळस दुरून पाहणे हे एकासाठी गर्दीमुळे केलेले समाधान होते, दुसऱ्यासाठी लादलेली हद्द. त्या हद्दीविरुद्ध साने गुरुजींनी मे १९४७मध्ये येथे उपोषण केले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. अंतर तेच असले, तरी ते निवडलेले की लादलेले, यावर त्याचा अर्थ बदलतो. २०२० साली साथीमुळे मार्च ते नोव्हेंबर मंदिर भाविकांना बंद होते; आषाढीला पालख्या एसटीने आल्या आणि बाकीच्यांना विठ्ठल दिसला तो पडद्यावर, दुसऱ्याने लावलेल्या कॅमेऱ्यातून. योगायोग असा की 'राजी'ही त्याच वर्षीचा.

२०२३च्या 'बाल्डर्स गेट ३'मध्ये कॅमेरा आकाशातून खांद्यामागे आणि संवादात थेट चेहऱ्यापर्यंत येतो. याला केवळ यंत्राची करामत म्हणून सोडून देऊ नये. कळस, मुख आणि पाऊल या तिन्ही अंतरांची गरज माणसाला भासते. खेळाचे परीक्षण करताना त्यांपैकी कोणते अंतर कोणासाठी राखून ठेवले आहे, हे आपण विचारले पाहिजे.