फुलात नसलेले फुलकिडे

फुलकिडे म्हटलं की दादरला मोगरा पाठवणारा आपला वसईचा वाडीवाला आधी फवारणीचा पंप काढतो. त्याचं काही चूक नाही. पण जगात फुलकिड्यांच्या सहा हजारांवर जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास बुरशीवर जगतात. वाळकी पानं, सुक्या काटक्या हेच त्यांचं घर.

मंडळी, यांची वर्गवारी म्हणजे मोठी गंमत आहे. लिनियसने १७५८ साली माहीत असलेले चारदोन फुलकिडे ‘थ्रिप्स’ या एकाच प्रजातीत टाकले. (सगळा डेटा एका टेबलात!) १८३६ मध्ये हॅलिडेने त्यांना ‘थायसॅनोप्टेरा’, म्हणजे झालरपंखी, असा स्वतंत्र गण दिला आणि त्याचे दोन भाग केले. अंडी घालायला करवतीसारखा अवयव असणारे एकीकडे, शेपटीकडचं टोक नळीसारखं असणारे दुसरीकडे. बुरशीखाऊ बहुतेक सगळे नळीवाले.

खरा घोळ पुढेच. यातले काही बुरशीचे बीजाणू अख्खे गिळतात, आणि त्यांच्यात एकाच जातीचे नर कमालीचे लहानमोठे असतात. थोराड नराचे पुढचे पाय जाडजूड, तर किरकोळ नर चक्क मादीसारखा दिसतो. संग्रहालयातल्या तज्ज्ञासमोर काय, तर काचपट्टीवरचे दोनतीन नमुने! मग थोराडाला एक नाव, किरकोळाला दुसरं, कधी प्रजातीच निराळी.

हे निस्तरायला किड्याच्या घरी जाणं भाग होतं. चेन्नईच्या टी. एन. अनंतकृष्णन (१९२५-२०१५) यांनी हेच केलं. एका वस्तीतले लहान, मधले, मोठे नर शेजारी ठेवले की तुटक वाटणारी नावं एका रांगेत येतात. ताडाच्या वाळक्या पानांवरच्या ‘टायारोथ्रिप्स सुब्रमणी’चाही त्यांच्याकडे अभ्यास झाला. पुढे १९८३ मध्ये माउंड आणि पामर यांनी बीजाणूखाऊंच्या सगळ्या प्रजाती नव्याने लावल्या. तोंडातल्या सुया रुंद असतील तर बीजाणू गिळणारा, बारीक असतील तर बुरशीचे तंतू शोषणारा, हा फरक त्यात कामाचा. पण तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

असो. ताड आणि केळी आपल्याकडेही आहेत. वाळक्या पानावर काळा, लांबट किडा दिसला तर भिंगातून बघा. पंख पाठीवर एकावर एक दुमडलेले आणि मागे नळी असेल, तर बहुधा तो बुरशीवरचाच. मोगऱ्यावरचा फुलकिडा वेगळा, पंप त्याच्यासाठी.