पिठाची दोन अर्धी पिंपे

१८७५ च्या नोव्हेंबरअखेरीस अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका शेतकऱ्याने शपथपत्रावर सही केली. आपण सर्वस्वी निष्कांचन झालो आहोत, अशी ती कबुली होती. त्या कबुलीच्या बदल्यात सरकारकडून त्याला सव्वापाच डॉलर किमतीची, पिठाची दोन अर्धी पिंपे मिळाली. घरात महिन्याभराचे तान्हे मूल होते.

हा शेतकरी म्हणजे चार्ल्स इंगल्स. त्याची कन्या लॉरा इंगल्स वाइल्डर हिने १९३२ ते १९४३ या काळात प्रसिद्ध केलेल्या आठ कादंबऱ्यांमुळे तो असंख्य वाचकांचा 'पा' झाला : व्हायोलिन वाजवणारा, कुऱ्हाडीच्या बळावर घर उभारणारा, कोणापुढे हात न पसरणारा. हे शपथपत्र मात्र त्या कादंबऱ्यांत नाही.

चार्ल्सचा जन्म १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातला. वडिलांबरोबर पश्चिमेकडे सरकत तो इलिनॉयमार्गे विस्कॉन्सिनला पोहोचला आणि १८६० मध्ये कॅरोलाइन क्वायनरशी विवाहबद्ध झाला. मेरी आणि लॉरा या मुली तेथील पेपिन गावाजवळच्या अरण्यात जन्मल्या. पुढे १८६९ मध्ये कुटुंब कॅन्सासला गेले. तेथे त्याने जेथे घर बांधले ती जमीन ओसेज या मूळ रहिवाशांची राखीव भूमी होती. वसाहतीसाठी ती खुली झालेलीच नव्हती. तिसरी मुलगी कॅरी तेथे १८७० मध्ये जन्मली, आणि त्याच सुमारास ओसेज लोकांवर ती भूमी विकून दक्षिणेकडे जाण्याची पाळी आली. सरकारी सैनिक हुसकावून लावतील या धास्तीने इंगल्स मंडळी निघाली, असे कादंबरी सांगते. वस्तुतः पेपिनची जमीन ज्याला विकली होती त्याच्याकडून पैसे येईनात, म्हणून १८७१ मध्ये ती परतली. बेकायदा वस्ती करणाऱ्या पित्याला मुलीने अन्यायाचा बळी केले, असे मला वाटते. आणि ते तिने खोटेपणाने नव्हे, मायेने केले असावे.

१८७४ मध्ये त्यांनी मिनेसोटात वॉलनट ग्रोव्हजवळ, ओढ्याच्या काठात कोरलेल्या मातीच्या घरात बिऱ्हाड थाटले. पुढल्या वर्षी टोळधाड आली. उभा गहू फस्त झाला, मातीत अंडी राहिली, त्यामुळे पुढचा हंगामही हातचा गेला. चार्ल्सला कापणीच्या मजुरीसाठी पूर्वेकडे जावे लागले. ज्याच्या जन्मानंतर महिन्याभरात ते शपथपत्र लिहिले गेले, तो मुलगा नऊ महिन्यांचा होऊन १८७६ च्या ऑगस्टमध्ये वारला. कादंबऱ्यांत हे बाळ नाही. त्यानंतरचे आयोवातील बर ओकचे दिवस नाहीत. तेथे हे कुटुंब काही काळ एका हॉटेलात राबत होते. घरभाड्याची बाकी चुकवता येईना, म्हणून १८७७ मध्ये एका रात्री सर्वांनी गाडीत बसून गाव सोडले, तेही नाही. लॉराच्या मूळ आत्मकथनात या आठवणी होत्या. ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

१८७९ मध्ये मेरीची दृष्टी गेली. त्याच वर्षी रेल्वेच्या कामावर चार्ल्स डाकोटात गेला आणि १८८० मध्ये डी स्मेट येथे होमस्टेड कायद्याखाली सुमारे १६० एकरांवर त्याने हक्क नोंदवला. त्या वर्षीच्या भीषण हिवाळ्यात आगगाड्या थांबल्या. कॉफीच्या जात्यात गहू दळून आणि गवताच्या पेंढ्या पिळून जाळत गावाने दिवस काढले. मेरी आयोवातील अंधशाळेत शिकली. कादंबरीत घरच्यांच्या कष्टाचे पैसे त्यासाठी जमवले जातात, प्रत्यक्षात तिच्या शिक्षणाचा खर्च डाकोटा प्रदेशाच्या सरकारने उचलला होता.

सरकारने दिलेली जमीन, सरकारने दिलेले पीठ, सरकारने दिलेले शिक्षण. तरी 'पा'चे स्वावलंबन खोटे म्हणता येत नाही. त्याने घरे बांधली, विहिरी खणल्या, मैलोगणती पायपीट केली. फक्त त्याच्या शेतीने त्याला कधी पुरेसे दिले नाही. १८९२ मध्ये त्याने ती जमीन विकली. तत्पूर्वीच स्वतः बांधलेल्या गावातल्या घरी तो राहायला गेला होता. तेथेच ८ जून १९०२ रोजी तो वारला.

त्याचे व्हायोलिन मिसूरीतील मॅन्सफील्डच्या संग्रहालयात जपलेले आहे.