वंडर वुमनच्या आधीची ‘हंटरवाली’: जुन्या सुपरहिरोइनला नव्यानं घडवताना नेमकं काय होतं?

सुपरहिरोइन म्हटलं की पहिलं नाव येतं वंडर वुमनचं. ती कॉमिक्समध्ये आली १९४१ साली. सुपरमॅन १९३८ चा. पण दिवसा राजकन्या आणि वेळ आली की मुखवटा चढवून, हातात हंटर घेऊन जुलमी लोकांना फोडून काढणारी बाई मुंबईच्या सिनेमात १९३५ मध्येच आली होती.

ती म्हणजे ‘हंटरवाली’. छापील कॉमिकमधली नसली तरी तिचा साचा तोच: दुहेरी ओळख, मुखवटा, गरिबांची बाजू.

होमी वाडिया दिग्दर्शित हा सिनेमा होता वाडिया मूव्हीटोनचा. त्यांचा स्टुडिओ परळला होता. पुढे त्याच जागेवर व्ही. शांताराम यांचं ‘राजकमल’ उभं राहिलं. हंटरवाली झाली होती नादिया, म्हणजेच ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जन्मलेली मेरी ॲन इव्हान्स. आधी सर्कशीत काम केलेली ही बाई धावत्या रेल्वेच्या टपावर मारामारी करायची, पुरुषांना उचलून आपटायची आणि हे स्टंट स्वतः करायची. म्हणूनच तिला ‘फिअरलेस नादिया’ म्हणायचे. इंग्रजांच्या राज्यात एक सोनेरी केसांची गोरी बाई जुलमी वझिराला धडा शिकवते आणि पब्लिक तिला आपली मानतं, हे आजही गंमतीशीर वाटतं!

मग तिला नवं रूप देणं सुरू झालं. १९४३ मध्ये होमी वाडियांनी ‘हंटरवाली की बेटी’ काढला. नायिका अर्थात नादियाच.

खरी मजा १९६८ ची आहे. त्या वर्षी अमेरिकेत वंडर वुमनला ‘मॉडर्न’ करायचं म्हणून तिच्या शक्तीच काढून घेतल्या आणि तिला बुटीक चालवायला बसवलं. १९७२ मध्ये ‘मिस’ या स्त्रीवादी मासिकानं तिला जुन्या रूपात मुखपृष्ठावर छापलं, १९७३ मध्ये तिच्या शक्ती परत आल्या. इकडे त्याच १९६८ मध्ये साठीची नादिया ‘खिलाडी’मध्ये पुन्हा पडद्यावर आली होती.

नादिया १९९६ मध्ये गेली. २०१७ मध्ये विशाल भारद्वाज यांच्या ‘रंगून’मधली कंगना राणावतची मिस ज्युलिया पाहून अनेकांना तिचीच आठवण झाली. चाबूक होता, घोडा होता, स्टंटही होते. पण गोष्ट फिरली ती दोन पुरुषांसोबतच्या प्रेमत्रिकोणात. बंडखोर बाईचा वेष घेतला, पण तिचं बंड मागे पडलं. ‘मॉडर्न’ वंडर वुमनचं झालं होतं, तसंच काहीसं.

वाद कोर्टातही गेला. आपली हंटरवाली उचलली, असा वाडिया मूव्हीटोनचा दावा होता. मुंबई उच्च न्यायालयानं ‘रंगून’चं प्रदर्शन थांबवलं नाही, पण निर्मात्यांना २ कोटी रुपये जमा करायला सांगितले. सिनेमा २४ फेब्रुवारी २०१७ ला ठरल्याप्रमाणे लागला.