पावतीवर नाव कुणाचं?

आजचा भाग एका पावतीपासून सुरू करतो.

मी उमापूरचा, तालुका गेवराई. गावात सप्ताह जवळ आला की घरोघरी वर्गणीच्या पावत्या फाडतात. आमच्या घरची पावती कायम आजोबांच्या नावानं. आजी काय द्यायची? पंगतीसाठी टोपलंभर भाकरी. पहाटे उठून, चुलीपुढं बसून. त्याची पावती कधीच फाटली नाही. त्यामुळं मला वाटायचं, दानधर्म हे पुरुषांचंच खातं.

मग अहिल्याबाई होळकर आठवल्या. जन्म 1725, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. काशी, गया, वेरूळ आणि आपल्याच जिल्ह्यातलं परळी, इथल्या मंदिरांची कामं त्यांनी केली. शाळेत आपण 'पुण्यश्लोक' पाठ करतो आणि पुढं जातो. पण पैसा कुठला, हे कुणी विचारतं का? 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावानं खासगी जहागीर दिली. दौलतीचा खजिना वेगळा, खासगी वेगळी. सासूनंतर ती अहिल्याबाईंकडं आली, आणि त्यांचा दानधर्म या खासगीतून चालला. म्हणजे आधी मालकी, मग दान. बाकी बहुतेक बायकांना घरच्या पैशाचा ॲक्सेस होता तो फक्त बघण्यापुरता, आमच्या ऑफिसातल्या काही फोल्डरसारखा!

जहागीर नसेल तर? मग हक्काचं म्हणून उरायचं स्त्रीधन. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात पोरांच्या जेवणाची पंचाईत झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र विकणं म्हणजे त्या काळात काय, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. 1930 मध्ये त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेचं नाव घेताना त्यांचं नाव किती जण घेतात?

जमिनीचं आणखी अवघड. हिंदू विधवेला नवऱ्याची इस्टेट मिळाली तरी ती हयातीपुरती. मनात आलं म्हणून शाळेला दान देऊन टाकता येत नव्हती. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं तिला पूर्ण मालक केलं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानं हिस्सा महाराष्ट्रात 1994 मध्ये आला, देशभर 2005 मध्ये.

आता परत उमापूर. मागच्या सप्ताहाला आजीनं तिच्या बचत गटाच्या पैशातून पाचशे रुपये काढले. पावती लिहिणाऱ्यानं विचारलं, "नाव?" सवयीनं मी आजोबांचं सांगितलं. हो, मीच. एवढं सगळं वाचलेला मी.

आजी आतून ओरडली, "आरं, पैसे माझे हायेत ना? मग त्यांचं नाव कशाला लिव्हतो?"

पावती खोडून दुसरी फाडली. ती आता देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली आहे.